जयगढचे नागरिक सुरक्षा दल : इंद्रजाल कॉमिक्समधील एक दुर्लक्षित पथक

इंद्रजाल कॉमिक्सचे नाव निघाले की पन्नाशीच्या आसपासच्या मराठी वाचकाला आधी वेताळ आठवतो, मग जादूगार मँड्रेक आणि त्याचा सोबती लोथार, आणि त्यानंतर भगवा कुर्ता व जीन्स घातलेला बहादूर. बहादूर आठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना बेलाही आठवते. पण बहादूरने जयगढ गावात उभे केलेले नागरिक सुरक्षा दल, म्हणजे ‘नासुद’, आठवते का असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर थांबतात आणि मग म्हणतात, ‘हो, होते खरे तसे काहीतरी.’ माझ्या मते या मालिकेतील सर्वांत मोलाची निर्मिती हे ‘तसे काहीतरी’च आहे. नायक त्याच्यानंतर येतो.

गेली काही वर्षे मी वाशीम, रिसोड, अकोला येथील रद्दीच्या दुकानांतून आणि जुन्या वाचकांच्या माळ्यांवरून इंद्रजालचे मराठी आणि हिंदी अंक जमवतो आहे. आमच्या भागात हे अंक विकत घेणारे थोडे होते. भाड्याने आणून एका दिवसात वाचून परत करणारे अधिक. त्यामुळे कथा सुट्या सुट्या वाचल्या गेल्या, मधले अंक निसटले. नायक प्रत्येक अंकात भेटतो, म्हणून तो लक्षात राहिला. दलाची ओळख मात्र अनेक अंक ओळीने वाचल्यावरच होते. वेताळ आणि मँड्रेक बाजूला ठेवून फक्त बहादूरच्या कथा एकामागून एक वाचल्या, तेव्हा मला या दलाचे महत्त्व जाणवले. ते येथे क्रमाने मांडतो.

पथक म्हणजे काय?

अतिमानवी नायकांच्या कॉमिक्समध्ये ‘पथक’ हा प्रकार अमेरिकेत १९४० साली सुरू झाला. ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’ अवतरली. त्यामागे व्यापारी हिशेब होता : वेगवेगळ्या मासिकांत स्वतंत्रपणे चालणारे नायक एका टेबलाभोवती बसवले, तर एकाचा वाचक दुसऱ्याकडे वळेल. १९६० मध्ये ‘जस्टिस लीग’ आली, १९६१ मध्ये ‘फँटास्टिक फोर’, आणि १९६३ या एकाच वर्षात ‘अ‍ॅव्हेंजर्स’, ‘एक्स-मेन’ व ‘डूम पेट्रोल’ अशी तीन पथके. ‘फँटास्टिक फोर’ हे कुटुंब होते. ‘एक्स-मेन’ जन्मतःच इतरांहून वेगळे असलेल्यांचे पथक, तर ‘डूम पेट्रोल’ अपघातांनी विद्रूप झालेल्या, समाजाने दूर लोटलेल्या माणसांचे. यांतील काही पथके जगप्रसिद्ध झाली. ‘डूम पेट्रोल’सारख्यांना रसिकांचा न्याय मिळायला मात्र बराच काळ जावा लागला.

या सर्व पथकांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक सदस्याकडे सामान्य माणसाकडे नसलेले काहीतरी असते आणि पथक म्हणजे त्या असामान्य शक्तींची बेरीज असते.

इंद्रजालच्या वाचकाला दुसऱ्या तऱ्हेचे एक पथक ठाऊक होते : वेताळाचे जंगल गस्ती दल. ली फॉकने रचलेल्या कथेनुसार हे दल सहाव्या वेताळाने समुद्री चाच्यांना सुधारून स्थापन केले. दलातील शिपाई शूर आणि शिस्तीचे आहेत, पण आपला सर्वोच्च सेनापती कोण हे त्यांना माहीत नाही. मुख्यालयात एक तिजोरी आहे आणि तिच्यातून आदेश निघतात. सेनापती अज्ञात, सत्ता वंशपरंपरागत आणि जनता बाहेर उभी अशी ही रचना आहे. वसाहतीच्या काळातील साहेबाला जंगलाचा कारभार कसा चालावासा वाटत असेल, त्याचे हे स्वप्नचित्रच म्हणता येईल.

नासुद या दोन्ही प्रकारांत बसत नाही. त्यात अतिमानवी शक्ती कुणालाही नाही. त्याचा प्रमुख कुणापासून लपलेला नाही. तो त्याच गावात, सर्वांच्या डोळ्यांदेखत राहतो. आणि त्याचे शिपाई म्हणजे गावातलेच लोक. ‘मग हे अतिमानवी नायकांचे पथक कसे?’ असा आक्षेप कुणी घेईल. त्यावर माझे उत्तर असे की वेताळाकडेही अतिमानवी शक्ती नव्हतीच. तो अमर आहे अशी समजूत, हेच त्याचे बळ. नायककथेत शक्ती कोठून येते हा खरा प्रश्न असतो. वेताळाला ती वंशातून मिळते, मँड्रेकला गूढ विद्येतून. बहादूरला ती गावाच्या संघटनेतून मिळते. आपल्याकडील चित्रकथेत हे उत्तर नवे होते.

डाकूचा मुलगा

इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने सुरू केले आणि एप्रिल १९९० मध्ये ते बंद पडले. या २६ वर्षांत ८००हून अधिक अंक निघाले. मासिक म्हणून सुरू झालेले हे प्रकाशन पुढे पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाले. सुरुवातीचे सर्व अंक वेताळाचे होते. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी असे परदेशी नायक आले. आयात मालावर भारतीय शिक्का मारण्याची धडपडही चालू होती. वेताळाच्या देशाचे ‘बंगाला’ हे नाव आपल्या बंगालशी जुळते म्हणून इंद्रजालने ते ‘डेंकाली’ केले, हे त्याचे बोलके उदाहरण.

पूर्णपणे इथला नायक आला तो १९७६ मध्ये. गुजराती-हिंदी लेखक, चित्रकार आणि व्यंगचित्रकार आबिद सुरती यांनी बहादूरची निर्मिती केली. ‘धर्मयुग’ साप्ताहिकातील ‘ढब्बूजी’मुळे त्यांचे नाव तेव्हा हिंदी वाचकांत घरोघरी पोहोचलेले होते. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. इंद्रजालची मुखपृष्ठे रंगवणारे हे तेच गोविंद. पुढे कथालेखनाची धुरा जगजित उप्पल यांनी सांभाळली.

बहादूरची मूळ कथा अशी. त्याचा बाप भैरवसिंह हा कुख्यात डाकू. तो पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला जातो. मारणारा पोलीस अधिकारी विशाल. बापाचा सूड घ्यायचा, या एकाच विचाराने मुलगा मोठा होतो. पण बापाचे खरे रूप त्याच्यासमोर येते, आणि ज्याचा जीव घ्यायचा तोच विशाल त्याला मुलासारखा जवळ करतो. सूडाची जागा कामाने घेतली जाते, आणि ते काम म्हणजे नागरिक सुरक्षा दल : डाकूंच्या उपद्रवाने गांजलेल्या लोकांनी एकत्र यावे आणि पोलिसांच्या सोबतीने आपल्या गावाचे रक्षण करावे. बेला, लखन, सुखिया, मुखिया ही या कथांतून पुन्हा पुन्हा भेटणारी माणसे. बेला कराटे जाणणारी, बहादूरच्या खांद्याला खांदा लावून लढणारी आहे. लग्नाचा विषयही न काढता ती त्याच्यासोबत राहते, आणि १९७०-८०च्या दशकांतील मुलांच्या कॉमिक्समध्ये हे इतक्या सहजपणे दाखवले गेले की घरच्या वडीलधाऱ्यांच्याही ते लक्षात आले नसावे.

चंबळ आणि पवनार

ही कथा आकाशातून पडलेली नव्हती. तिच्या मागे चंबळ खोऱ्याचा ताजा इतिहास होता, आणि त्यातील एक धागा थेट आपल्या विदर्भात येतो. मे १९६० मध्ये विनोबा भावे भिंड-मोरेना भागातून पदयात्रा करीत असताना २० डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. या घटनेची सुरुवात तुरुंगातून झाली होती. फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंहाने विनोबांना पत्र लिहिले होते, आणि हा तहसीलदारसिंह म्हणजे चंबळचा सर्वांत गाजलेला डाकू मानसिंह याचा मुलगा. मेजर जनरल यदुनाथ सिंह यांनी मध्यस्थी केली. पवनारच्या आश्रमातील माणूस बंदुकीशिवाय बेहडात जातो आणि डाकूचा मुलगा शांततेचे पत्र लिहितो, हे प्रत्यक्षात घडले होते.

एप्रिल १९७२ मध्ये जौरा येथे जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत याहून मोठे शरणागतीपर्व झाले. मोहरसिंह, माधोसिंह यांच्यासह शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली. त्याची छायाचित्रे देशभरच्या वृत्तपत्रांत छापून आली. त्यानंतर चारच वर्षांनी बहादूर आला. डाकूच्या मुलाने रक्षक व्हावे ही कल्पना तेव्हाच्या वाचकाला भाबडी वाटण्याचे कारण नव्हते.

मधल्या काळात, १५ ऑगस्ट १९७५ रोजी, ‘शोले’ प्रदर्शित झाला होता. डाकू, गाव आणि पोलीस अधिकारी ही सामग्री दोन्हीकडे एकच आहे, म्हणून त्यांतील फरक पाहण्यासारखा आहे. रामगढचा ठाकूर गावाच्या रक्षणासाठी बाहेरून दोन गुन्हेगार पैसे देऊन आणतो आणि गावकरी बहुतांशी बघे राहतात. कुरोसावाच्या १९५४ मधील ‘सेव्हन सामुराई’तही रक्षक बाहेरूनच येतात, पण ते शेतकऱ्यांना बांबूचे भाले हाती देऊन लढायला शिकवतात. जयगढ त्याच्याही पुढे जाते. येथे भाड्याचा रक्षक नाही आणि काम संपल्यावर घोड्यावर बसून निघून जाणाराही कुणी नाही. संकट पुन्हा येणार, म्हणून दलही कायमचे. पडद्यावर ज्या गर्दीला संवाद नव्हते, तिला कॉमिक्सने नाव आणि काम दिले.

रक्ताचा गुन्हा

या दलाचे दुसरे महत्त्व मला त्याच्या प्रमुखाच्या जन्मात दिसते. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा गुन्हेगार जातीतला मुलगा गुन्हेगार होणारच, हा त्यामागचा युक्तिवाद होता. गुन्हा हातून घडण्याआधीच तो रक्तात आहे असे मानून समाजच्या समाज नोंदवहीत घातले गेले आणि पोलिसांच्या हजेरीला बांधले गेले. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला; तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, आणि संशय काही कायद्याबरोबर रद्द होत नाही.

आमच्या वाशीम जिल्ह्यात हा केवळ पुस्तकी विषय नाही. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला देशभरातून बंजारा समाज येतो, आणि हा समाज महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. पारध्यांच्या वस्त्या विदर्भभर आहेत. कुठे चोरी झाली की पोलीस आणि गावकरी या दोघांचीही नजर आधी कुठे वळते, हे येथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी बसून ‘डाकूचा मुलगा गावाच्या रक्षक दलाचा प्रमुख आहे’ हे वाक्य वाचले की त्याचे वजन वेगळे वाटते. बहादूर कुठल्या विमुक्त जातीचा आहे असे कथेत नाही, आणि तसा दावा मी करीत नाही. पण १८७१च्या युक्तिवादाचा गाभा त्याच्या जन्मकथेने मोडला आहे, आणि तोही भाषण न देता. विशाल त्याच्यावर विश्वास टाकतो आणि गाव त्याच्या मागे उभे राहते. खंडन एवढ्यानेच होते. गुन्हेगाराच्या मुलाला माफी देणारे सिनेमे पुष्कळ निघाले. त्याच्या हाती किल्ल्या देणाऱ्या कथा थोड्या.

दल आणि झुंड

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून या दलाचे कौतुक करणे बरे नाही. नागरिकांनी स्वतःच्या रक्षणासाठी संघटित होणे ही गोष्ट नेहमीच चांगली असते का?

कायद्याला ही कल्पना अपरिचित नाही. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात होमगार्ड ही स्वयंसेवी संघटना सुरू झाली. १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यात, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात, ग्रामरक्षक दलाची तरतूद आहे. वंशपरंपरागत पाटीलकी गेल्यावर १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील गावोगाव आला. आमच्याकडे चोरांची हूल उठली की तरुण पोरे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन आळीपाळीने रात्रीची गस्त घालतात, आणि हे आजही घडते. इंद्रजालच्या ग्रामीण वाचकाला नासुद ओळखीचे वाटले असेल ते त्यामुळेच.

पण याच गस्तीची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून जगणारी भटकी माणसे होती ती. छत्तीसगडमध्ये २००५ पासून नक्षलवाद्यांच्या विरोधात ‘सलवा जुडूम’ उभे राहिले. आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून बंदुका देण्यात आल्या, आणि जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार घटनाबाह्य ठरवला. ‘नागरिकांचे दल’ हे नाव कुणालाही लावता येते.

मग दल आणि झुंड यांत फरक कोणता? जयगढच्या कथा या प्रश्नाकडे पाहत वाचल्या की तीन गोष्टी दिसतात. पहिली : दलाला चेहरा आहे. त्यात कोण आहे हे गावाला आणि पोलिसांना माहीत आहे. झुंडीत कुणाला नाव नसते, म्हणून जबाबदारीही कुणाची नसते. दुसरी : दल पोलिसांच्या सोबतीने चालते, त्यांच्या जागी नाही. विशाल हे पात्र कथेत त्यासाठीच हवे. तो नसता तर बहादूर हा आणखी एक टोळीप्रमुख ठरला असता. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : दलाचा प्रमुख स्वतः संशयाच्या पलीकडून आलेला आहे. ज्याला लोक डाकूचे पोर म्हणू शकले असते, त्याच्या हाती दल असल्यावर ‘हा परका दिसतो, धरा याला’ असे म्हणणे सोपे राहत नाही. झुंड रक्तावरून आणि पेहरावावरून माणूस ओळखते. नासुदचा जन्मच ती ओळख नाकारण्यातून झाला आहे.

या कथा निर्दोष आहेत असे नाही. डाकू डाकू का झाला, जमीन कुणाची, सावकारी कुणाची, जातीचा जाच कुणाचा, या प्रश्नांत त्या खोल शिरत नाहीत. पोलीसही त्यात जरा अधिकच सज्जन आहेत. तरीही मुलांच्या हाती पडणाऱ्या स्वस्त अंकांनी ‘गाव म्हणजे बघ्यांची गर्दी नव्हे’ एवढे सांगितले, हे मला थोडे वाटत नाही.

दुर्लक्ष का झाले?

याची काही कारणे कॉमिक्सच्या बांधणीतच आहेत. कथामाला नायकाच्या नावाने विकली जाई आणि मुखपृष्ठावर नायकालाच प्राधान्य असे. गोविंद यांचा कुंचला त्यात वाकबगार होता. वाचक घडला होता तो एकट्या नायकाच्या हिंदी सिनेमावर. पुढे १९८६ मध्ये राज कॉमिक्सचा नागराज आणि १९८७ मध्ये सुपर कमांडो ध्रुव आला. हिंदी सहज वाचणाऱ्या वऱ्हाडात ते झपाट्याने पसरले. ध्रुवच्या हाताखालीही कमांडो फोर्स होती आणि नंतर राज कॉमिक्सच्या नायकांनी मिळून ब्रह्मांड रक्षक हे पथक काढले. पण या कथांत जगाचे रक्षण निवडक शक्तिमानांकडे परत गेले आणि गावकरी पुन्हा बघे झाले. १९८६ मध्येच अमेरिकेत वेताळ, मँड्रेक, लोथार आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र करून ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही कार्टून मालिका निघाली. इंद्रजालचे तीन मोठे नायक त्या पथकात होते. बहादूरला तेथे जागा असणे शक्यच नव्हते. पण कल्पना करून पाहिली तरी तो तेथे विसंगत दिसतो, कारण गावाशिवाय बहादूर म्हणजे नुसता एक धाडसी तरुण.

दुसरे कारण आपल्या अभ्यासाच्या सवयींत आहे. मराठी बालसाहित्याच्या चर्चेत चांदोबा येतो, किशोर येते, फास्टर फेणे येतो, आणि अमर चित्रकथेचाही उल्लेख होतो. इंद्रजालकडे मात्र परदेशी मालाचे भाषांतर म्हणून पाहिले गेले आणि त्यातील देशी कथाही त्याच गठ्ठ्यात बांधल्या गेल्या. जे थोडे जतन झाले ते संग्राहकांनी केले, आणि संग्राहकाचा ओढा वेताळाकडे, तोही इंग्रजी अंकांकडे. मराठी अंक त्यामुळे सर्वांत वेगाने नाहीसे होत आहेत. स्वस्त कागद पिवळा पडून कडांनी तुटतो, पिना गंजतात, मधली पाने निसटतात. तालुक्याच्या वाचनालयांनी हे अंक दाखल करून घेण्यासारखे कधी मानलेच नव्हते.

ज्यांच्या घरी असे अंक असतील त्यांनी पिना काढून ते कोरड्या जागी आडवे ठेवावेत, शक्य तर पानांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मुखपृष्ठावरच्या नायकाला ओलांडून आतल्या चौकटी पुन्हा पाहाव्यात. तेथे काठी घेऊन उभ्या असलेल्या साध्या माणसांपैकी बहुतेकांना लेखकाने नावही दिलेले नाही. सरकारची वाट पाहत न बसणारी, सूड न मागणारी आणि डाकूच्या मुलाला आपला म्हणणारी ही माणसे आहेत. वाड्या-तांड्यांच्या आमच्या जिल्ह्यात अशा दलाची गरज अजून संपलेली नाही, आणि ते दल झुंड होऊ नये म्हणून काय लागते हे समजून घेण्याची तर त्याहून नाही.